स्वतंत्र मराठी चित्रपट, डिजिटल साधने आणि बोलीची साक्ष

मराठीतील स्वतंत्र चित्रपटनिर्मितीविषयी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे लिहिले गेले, त्यात दोन विधाने पुनःपुन्हा आढळतात. डिजिटल कॅमेऱ्यामुळे चित्रपट काढणे स्वस्त झाले, हे एक. आणि समाजमाध्यमांमुळे निर्माता व प्रेक्षक ह्यांच्यामधील वितरकाचा अडसर निघाला, हे दुसरे. दोन्ही विधानांत तथ्य आहे. तथापि ती व्यवहाराविषयीची विधाने आहेत. खर्च उतरल्याने आणि वाट मोकळी झाल्याने प्रत्यक्ष कलाकृतीत काय बदलले, हे त्यांतून कळत नाही. आणि समीक्षेला कर्तव्य असते ते ह्याच प्रश्नाशी. प्रस्तुत लेखात ह्या बदलाचा विचार एकाच अंगाने करावयाचे योजिले आहे. ते अंग म्हणजे पडद्यावर ऐकू येणारी बोली.

हे अंग निवडण्याचे कारण विद्यापीठीय आहे. बोलीचा अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी अलीकडे 'फँड्री' वा 'सैराट' ह्यांतील संवाद, किंबहुना यूट्यूबवरील ग्रामीण मालिकांतील संवादही, बोलीचे नमुने म्हणून उतरवून आणतात. पूर्वी ज्यासाठी गावोगाव हिंडावे लागे ते आता खिशातील फोनवर मिळते, असा त्यामागील समज. सोलापूर जिल्ह्यात तर हा मोह अधिकच, कारण श्री. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि 'सैराट'चा पूर्वार्धही त्याच परिसरात घडणारा. तेव्हा चित्रपटातील बोली ही साक्ष म्हणून ग्राह्य धरावी काय, आणि धरावयाची तर कोणत्या अटींवर, हे ठरविणे आवश्यक झाले आहे. माझे मत आरंभीच सांगतो. डिजिटल साधनांनी बोलीला मुद्रणाच्या वेळी मोकळे केले. आणि त्याच साधनांनी तिला प्रसाराच्या वेळी पुन्हा बांधून टाकले. पहिली गोष्ट सर्वांना दिसते. दुसरीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पहिल्या गोष्टीचे मोल कळावयाचे तर जुनी पद्धत ध्यानात घ्यावयास हवी. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे हजार फुटांचे रीळ कॅमेऱ्यात अकरा मिनिटे चाले. कच्ची फिल्म फुटावर मोजली जात असल्यामुळे नटाच्या मुखातील प्रत्येक चुकलेल्या वाक्याला रोख किंमत होती. शिवाय भारतात दीर्घकाळ चलतीत असलेला ॲरी टू-सी हा कॅमेरा चालताना एवढा खडखडाट करी की, त्याच्यापुढे बोललेले शब्द पडद्यावर उपयोगी पडत नसत. मग डबिंगचा मार्ग पत्करला गेला. नटाने शेताच्या बांधावर उभे राहून एकदा बोलावे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्टुडिओच्या बंद खोलीत, पडद्यावर हलणाऱ्या स्वतःच्या ओठांकडे पाहत तेच पुन्हा बोलावे. 'लगान'ने २००१ मध्ये थेट ध्वनिमुद्रणाचा अवलंब केला तेव्हा त्याची बातमी झाली, ह्यावरूनच डबिंग किती अंगवळणी पडले होते ते दिसते.

ह्या पद्धतीचा बोलीवर झालेला परिणाम भाषाभ्यासकाने नीट पाहण्याजोगा आहे. जो दुसऱ्यांदा तेच वाक्य त्याच लयीत म्हणू शकतो, तोच नट म्हणून चालणार. म्हणजे बोली बोलणारा माणूस बाद, बोलीची नक्कल करू शकणारा माणूस पात्र. नक्कल करणारा नेहमी ठळक खुणा उचलतो. 'आहे' ऐवजी 'हाय', 'नाही' ऐवजी 'न्हाई', 'होय' ऐवजी 'व्हय', णकाराच्या जागी नकार, 'कुठे' ऐवजी 'कुटं', अशा पाच-सात खुणा प्रमाणभाषेच्या वाक्यावर टाचल्या की चित्रपटातील खेडूत तयार होत असे. शब्दक्रम शहरी, विराम शहरी, सुरावलीही शहरीच. तमाशापटांच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे 'सांगत्ये ऐका' (१९५९) पासून पुढे, ही पडद्यावरील ग्रामीण मराठी इतकी रूढ झाली की, सातारा, सांगली, सोलापूर आणि नगर ह्या जिल्ह्यांत काही भेद आहे ह्याची दखल घेण्याचे कारणच तिला उरले नाही. दादा कोंडके ह्यांची गोष्ट निराळी. 'सोंगाड्या' (१९७१) पासून त्यांचा विनोद शब्दाच्या दुहेरीपणावर आणि तो शब्द कोठे तोडावा ह्याच्या अचूक जाणिवेवर उभा होता. त्यांना बोली ऐकू येत होती, एवढे तरी मान्य करावेच लागेल. पण तीही रंगभूमीवर कमावलेली बोली होती.

आता डिजिटल साधनांकडे वळू. २००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हा छायाचित्रणाचा कॅमेरा चलच्चित्रे टिपू लागला. २०११ मध्ये ॲरीने फिल्मचे नवे कॅमेरे बनविणे थांबविले. २०१३ मध्ये फुजीने चित्रपटाच्या फिल्मचे उत्पादन बंद केले. इकडे २००५ पासून उपग्रहाद्वारे चित्रगृहांना चित्रपट पोहोचविण्याची सोय होत गेल्यामुळे तालुक्याच्या गावी प्रिंट पाठविण्याचा खर्चही हळूहळू मिटला. कोणता चित्रपट नेमका कोणत्या कॅमेऱ्यावर झाला हा तपशील येथे गौण आहे, कारण अशा वेळी बदलतात त्या साऱ्या धंद्याच्या सवयी. पुन्हा घेण्याची धास्ती गेली. धास्ती गेल्याबरोबर, ज्याने कधी कॅमेरा पाहिला नाही अशा माणसाला त्याच्यापुढे उभे करणे शक्य झाले. तो अडखळला तरी चालते. किंबहुना तो जसा अडखळतो तसाच तो हवा असतो. चांगले ध्वनिग्राहक आणि अनेक वाहिन्यांवर मुद्रण करणारी छोटी यंत्रे आवाक्यात आल्यामुळे जागेवर उच्चारलेला शब्दच अखेरपर्यंत टिकू लागला.

ह्याचा उत्तम दाखला म्हणून श्री. भाऊराव कऱ्हाडे ह्यांच्या 'ख्वाडा' ह्या चित्रपटाकडे बोट दाखविता येईल. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा. २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला परीक्षकांचा विशेष पुरस्कार लाभला, आणि त्याबरोबरच प्रत्यक्ष स्थळावरील ध्वनिमुद्रणाचाही. हा दुसरा पुरस्कार मला अधिक बोलका वाटतो. मेंढरांचा गलका, कुत्र्याचे भुंकणे आणि वाऱ्यावर दिलेली हाळी ह्यांच्यामधून जे बोलणे ऐकू येते, त्याची पट्टी आणि त्याचा वेग ह्या सर्वांनी ठरविलेला असतो. उघड्या माळावर बोलणारा माणूस स्वर लांबवितो, व्यंजने गाळतो, वाक्य अर्ध्यावर सोडून हाताने पुरे करतो. बंद खोलीत हे साधत नाही. मात्र चित्रपट स्वस्त झाला असे म्हणणाऱ्यांनी ह्याच चित्रपटाची दुसरी बाजूही आठवावी. तो पुरा करण्यासाठी दिग्दर्शकाने आपली जमीन विकली, आणि पुरस्कारानंतरही तो चित्रगृहांत लागावयास २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. स्वस्ताई ही ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावरून मोजावयाची गोष्ट आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर लोकवर्गणीविषयी थोडे. श्याम बेनेगल ह्यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. 'श्वास' तयार झाल्यावर २००४ साली त्याच्या ऑस्करवारीसाठी महाराष्ट्राने वर्गणी जमविली, आणि तीत शाळकरी मुलेही होती. शेजारच्या कन्नडमध्ये पवन कुमार ह्यांनी 'लुसिया' (२०१३) साठी इंटरनेटवरून केलेल्या आवाहनाला पन्नास लाखांच्या आसपास प्रतिसाद मिळाला. ह्या तिन्हींना एकाच माळेत ओवण्याची रीत पडली आहे. पण 'मंथन'च्या वेळी संघटना आधी होती आणि चित्रपट तिच्या पोटातून आला, तर 'लुसिया'च्या वेळी समुदाय चित्रपटाच्या निमित्ताने गोळा झाला. निमित्ताने जमलेला समुदाय दुसऱ्या चित्रपटाला जमेलच असे नाही. मराठीत ह्या मार्गाचा राजरस्ता झालेला नाही ह्याचे हेच कारण असावे.

बोलीच्या मोकळेपणाची खरी कसोटी 'फँड्री'त लागते. 'पिस्तुल्या' ह्या लघुपटाने, शाळेची ओढ लागलेल्या मुलाच्या गोष्टीने, श्री. मंजुळे ह्यांना २०१० चा पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला होता. त्यानंतर २०१३ मध्ये 'फँड्री' महोत्सवांत दाखविला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रगृहांत आला. चित्रपटाचे नावच कैकाडी आहे. त्याचा अर्थ डुक्कर. येथे एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणणे अवश्य आहे. कैकाडी ही मराठीची बोली नव्हे. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद तमिळच्या परिवारात केली आहे. म्हणजे जब्याच्या घरातील भाषा आणि गावातील भाषा ह्यांच्यातील अंतर हे ग्रामीण मराठी व पुणेरी मराठी ह्यांच्यामधील अंतरासारखे नाही. ती दोन निरनिराळ्या भाषाकुलांमधील दरी आहे. जब्या ती रोज ओलांडतो. शाळेत प्रमाण मराठी, मित्राशी गावची मराठी, घरी कैकाडीचे बोल. आणि ज्या एका शब्दाने गाव त्याला हिणवते तो शब्द त्याच्याच घरातून उचललेला. घरातील भाषेचा शब्द बाहेर शिवी म्हणून परत येतो, ही द्विभाषिकतेच्या अभ्यासातील एक क्रूर पण मोलाची नोंद आहे. शेवटच्या धावपळीत गावातील तरुण करमणूक म्हणून ती पाहत असतात, आणि पकडलेले डुक्कर नेले जात असताना मागील भिंतीवर थोर समाजसुधारकांची चित्रे दिसतात. ह्या दृश्याच्या प्रतीकात्मकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील आवाजांविषयी फार कमी लिहिले गेले. काठावरच्यांचे बोलणे सलग, हसरे आणि पल्लेदार. आणि धावणाऱ्या कुटुंबाचे बोलणे तुटक, नुसत्या आज्ञांचे व हाकांचे. कोणाला वाक्य पुरे करण्याची सवड आहे आणि कोणाला नाही, ह्यात सारी समाजरचना ऐकू येते.

हे सारे डबिंगच्या खोलीत अशक्यच होते असे मी म्हणणार नाही. पण कोणी तसे करावयास धजले नसते. आणि तरीही हाच चित्रपट परदेशी महोत्सवात जातो तेव्हा काय होते ते पाहावे. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळीत कैकाडी आणि मराठी ह्यांना एकच टंक, एकच भाषा. मूळ ऐकणाऱ्याला जेथे दरी जाणवते तेथे वाचणाऱ्याला सपाट मैदान लागते. प्रसाराच्या वेळी बोली बांधली जाते असे वर म्हटले, त्याचे हे पहिले आणि त्यातल्या त्यात सौम्य रूप होय.

दुसरे रूप 'सैराट'च्या बाबतीत दिसते. हा चित्रपट स्वतंत्र म्हणावा काय, असा आक्षेप येईल. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला, शंभर कोटींची मजल गाठणारा पहिला मराठी चित्रपट, आणि त्यामागे मोठी व्यावसायिक संस्था. आक्षेप रास्त आहे. पण नवखे प्रमुख नट, त्यांची स्वतःची बोली आणि स्वतःच्या मुलखातील स्थळे ही स्वतंत्र चित्रपटाची रीत त्याने मोठ्या पडद्यावर नेली, आणि त्याच्या मागोमाग जे शेकडो हौशी चित्रकार फोन घेऊन निघाले त्यांच्या कानात 'सैराट'च होता. म्हणून त्याला वगळता येत नाही.

त्याच्या प्रदर्शनानंतर चारच महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली आणि फोनवर चलच्चित्रे पाहणे खेड्यापाड्यांत परवडू लागले. 'सैराट'चे उत्तरायुष्य ह्या फोनवर गेले. पण फोनवर गेला तो कोणता 'सैराट'? मराठी समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, हा आर्चीचा दम, तिचे ट्रॅक्टर चालविणे, तिची बुलेट, पूर्वार्धातील हे दोन-तीन प्रसंग तुटून, सुटे होऊन, हातोहात फिरले. मुलगी करमाळ्याच्या मराठीत दरडावते, ही गंमत झाली. चित्रपटाची रचना मात्र नेमकी उलट आहे. ज्या भाषेच्या बळावर आर्ची गावात कोणालाही गप्प करीत होती, ती भाषा हैदराबादेत निरुपयोगी होते. तिला तेलुगू कळत नाही. कामावर तिला नव्याने एकेक शब्द शिकावा लागतो. जी मराठी बोलणारी बाई आधार देते तीही दोन भाषांच्या मधोमध जगणारी आहे. उत्तरार्धात आर्ची व परश्या ह्यांचे आपसांतील बोलणेही आटत जाते. आणि अखेरचे दृश्य तर निःशब्द आहे. पाटलाच्या मुलीची भाषिक सत्ता कशी जातीय सत्तेच्या पोटातून आलेली होती आणि ती सत्ता सुटताच तिची वाणी कशी सुटली, हे 'सैराट'मधील बोलीचे कथानक होय. पूर्वार्धातील दम ऐकून आपण हसलो, ते कोणाच्या बळावर हसलो, असा प्रश्न उत्तरार्ध विचारतो. तुकडा फिरला आणि प्रश्न मागे राहिला. मौनाचा तुकडा कोणी पुढे पाठवीत नाही.

ह्या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधण्याचा मोह आवरत नाही. फिल्मच्या काळात मराठीने इंग्रजीतून घेतलेला शब्द 'रीळ'. त्यातील लकाराचा आपण ळकार केला, त्याचे अनेकवचन 'रिळे' केले, त्याला पूर्ण घरचा केला. आता तोच शब्द इंस्टाग्रामच्या वाटेने दुसऱ्यांदा आला आहे, आणि ह्या वेळी तो 'रील' असाच राहिला, अनेकवचनी 'रील्स'. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये भारतात हा नवा प्रकार दाखल झाला, आणि आरंभी त्याची मर्यादा पंधरा सेकंदांची होती. अकरा मिनिटांचे रीळ आणि पंधरा सेकंदांची रील! पहिल्यात एक प्रसंग मावत असे. दुसऱ्यात एक वाक्य मावते, तेही वरच्या पट्टीत.

बांधले जाण्याचे तिसरे रूप यूट्यूबवरील ग्रामीण मालिकांत दिसते, आणि ते सर्वांत गुंतागुंतीचे आहे. सातारा भागातून आलेली 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामतीजवळच्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही त्यांतील ठळक नावे. ह्या मालिकांविषयी विद्यापीठांत नाक मुरडण्याची वृत्ती आहे. ती मला मान्य नाही. त्यांचा श्रोता आसपासच्याच गावातला असल्यामुळे त्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. दारे धरणे, वापसा येणे, पाण्याची पाळी, डीपी जळणे, उसाची टोळी ठरविणे, हे शब्द त्यांत कसलेही स्पष्टीकरण न जोडता येतात. 'डीपी' हा शब्द गावाने किती सहज आपला केला आहे आणि त्याच्याभोवती किती क्रियापदे जमली आहेत, ह्याची नोंद कोणत्याही छापील कोशापेक्षा येथे चांगली मिळेल. चित्रपट प्रमाणित करणाऱ्या मंडळाचा दाखला येथे लागत नाही, चित्रगृहाचे भाडे नाही, वितरक नाही.

परंतु धनी नाही असे नाही. २०१८ पासून यूट्यूबवर जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी ही किमान अट झाली; आणि २०२० च्या जुलैपासून कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात घालण्यासाठी लागणारी किमान लांबी दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आली. हे नियम कथेविषयी एक अक्षर बोलत नाहीत, पण कथेला आकार देतात. दर आठवड्याला काही तरी द्यावयाचे. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोत्याला धरावयाचे. पात्र दिसताक्षणी ओळखता आले पाहिजे. मग पात्राला पालुपद मिळते. एका पात्राचे एक वाक्य लोकांना आवडले की ते दर भागात यावे लागते, आणि काही काळाने ते पात्र त्या वाक्यापुरतेच उरते. ज्या बोलीला कॅमेऱ्याच्या खडखडाटातून सोडविले, तिच्यावर पुन्हा पाच-सात ठळक खुणांचेच राज्य येते. फरक एवढाच की, पूर्वी त्या खुणा शहरातील नट उचलीत असे, आता स्वतः बोलणाराच त्या स्वतःच्या तोंडी ठळक करतो. नक्कल आता मूळ भाषकाची आहे, आणि तीही त्याच्याच भाषेची.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव ह्यांनी ज्याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले तो आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे: कोणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे जाणून घ्यावयाचे, आणि ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. डिजिटल काळात ह्या विरोधाभासाचे रूप पालटले. फोनपुढे बोलण्याची सवय झालेला तरुण मुद्रणयंत्राला बिचकत नाही, ही सोय झाली. पण तो फोनपुढे जे बोलतो ते फोनवर ऐकलेल्या बोलीच्या वळणाने बोलतो, ही अडचणही झाली. माढ्याच्या महाविद्यालयीन मुलाने केलेल्या लघुपटातील बोली ही माढ्याची, की 'सैराट'ची, की बारामतीकडच्या मालिकेची, हे वेगळे करणे आज सोपे नाही.

म्हणून साक्षीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. चित्रपटातील बोली ग्राह्य आहे, पण ती बोलीची साक्ष म्हणून कमी आणि बोलीविषयीच्या जाणिवेची साक्ष म्हणून अधिक. ग्रियर्सनने उधळ्या मुलाची एकच गोष्ट शेकडो बोलींत उतरवून घेतली. ती भाषांतरे कोणी कधी घरात बोलले नव्हते, आणि तरी त्यांचा उपयोग झाला. कारण ती कशी मिळविली हे तो लिहून ठेवीत होता. डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या बोली-सर्वेक्षणापासून डेक्कन कॉलेजच्या अलीकडील मराठी बोलींच्या सर्वेक्षणापर्यंत हीच शिस्त आढळते: कोण बोलले, वय काय, गाव कोणते, प्रश्न काय विचारला होता. चित्रपटातील संवाद उतरविताना हीच चौकशी हवी. संवाद लिहून दिलेला होता की जागेवर सुचलेला? बोलणारा त्या गावचा होता की शेजारच्या तालुक्याचा? आवाज जागेवरचा की नंतरचा? आणि ज्या श्रोत्यासाठी तो प्रसृत झाला तो कोण होता? शेवटचा प्रश्न आमच्या प्रबंधांत बहुधा नसतो, आणि वर दाखविल्याप्रमाणे तोच आज निर्णायक झाला आहे.

श्रोत्याची ही अट काही चित्रपटांनी जाणीवपूर्वक सांभाळलेली दिसते. श्री. जयंत सोमलकर ह्यांचा 'स्थळ' २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २०२५ च्या मार्चमध्ये येथे प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गाव आणि अभिनयाची पूर्वपीठिका नसलेली माणसे. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमात तेच ते प्रश्न, नाव, शिक्षण, उंची, आवड, पुन्हा पुन्हा येतात. आणि प्रेक्षक त्या पुनरुक्तीला कंटाळेल ही भीती दिग्दर्शकाने बाळगलेली नाही. पालुपद येथेही आहे, पण ते हसविण्याकरिता नसून गळा आवळत नेणारे आहे. श्री. रोहन कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं' ह्या चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. निवडुंगाच्या फळाचे बोलीतील नाव त्याने शीर्षकात तसेच ठेवले. वडिलांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला नायक फारसे बोलत नाही; त्याच्याविषयी नातेवाईक बोलतात, लग्नाचे विचारतात, आणि त्या बोलण्याच्या फटींतून तो व त्याचा बालमित्र एकमेकांना भेटतात. हे तुकडे करून फिरविण्याजोगे चित्रपट नाहीत. त्यांना तीच किंमतही मोजावी लागते. महोत्सवात गाजलेला चित्रपट ज्या गावची बोली बोलतो त्या गावच्या पडद्यावर क्वचितच पोहोचतो.

आपल्याच जिल्ह्यातून पुढे आलेले श्री. अक्षय इंडीकर ह्यांनी आणखी निराळी वाट धरली. 'त्रिज्या'ला ध्वनिरचनेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'स्थलपुराण' २०२० च्या बर्लिन महोत्सवात होता. ह्या चित्रपटांत बोलणे थोडे आणि परिसराचा नाद पुष्कळ आहे. बोलीवर लुब्ध झालेल्या समीक्षकाला तेथे हाती काही लागत नाही, असे प्रथम वाटते. परंतु 'स्थलपुराण'मधील वडिलांविना कोकणात आलेले मूल वहीत लिहिते आणि बाहेर समुद्र व पाऊस वाजत राहतात, तेव्हा नव्या गावची बोली अजून आपली न झालेल्या मुलाचे गप्प राहणे हीही एक भाषिक अवस्था आहे, हे मान्य करावे लागते.

सोलापूर शहरापुरते बोलावयाचे तर चित्र चमत्कारिक आहे. पडद्यावर सोलापूरची म्हणून जी बोली देशभर ओळखली जाते ती जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील, करमाळ्याकडची. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या घरांतून तेलुगू मातृभाषेची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली. अक्कलकोटच्या रस्त्याला कन्नड मिसळते. विजापूर वेशीच्या आत दखनी. 'बस की', 'सांग की' ह्यांतील आर्जवाचा 'की' येथे चारही भाषकांच्या मराठीत कानी पडतो. 'सैराट'ने आर्चीला तेलुगू शिकावयास हैदराबादेला पाठविले; ते तेलुगू सोलापुरात घराघरांतून बोलले जाते. ह्या शहरातील फोनधारी चित्रकारांचे लघुपट महाविद्यालयीन स्पर्धांतून दरवर्षी पाहावयास मिळतात. त्यांतील पात्रे बहुधा करमाळ्याच्या वळणाने दरडावतात, आणि माग चालू असताना शेजारच्याशी बोलण्यासाठी आवाज किती चढवावा लागतो हे ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे, ते विद्यार्थी संवाद मुद्रित करण्याआधी माग बंद करून घेतात.